दबलेल्या कोपऱ्याची सूट

खोक्याचा कोपरा दबलाय म्हणून
चाळीस टक्के सूट.
बर्फाच्या कारखान्यात, हिशेबाच्या वहीत
मोबाइल उघडा ठेवून मी तो मागवला.
बाहेर पुळणीवर लिलाव चालू,
पापलेटची बोली चढत होती,
आणि सगळ्या हर्णै बंदरात मी एकटा
भाव उतरायची वाट बघणारा.

दापोलीचा कुरियरवाला बुधवारीच येतो,
पार्सल पानाच्या टपरीवर टाकून जातो.
दिवेकराने विचारलं, "औषध?"
म्हटलं, "हो."
बावन्नाव्या वर्षी सहा इंची योद्धा मागवला
हे सुट्टे पैसे मोजता मोजता
कसं सांगायचं?

कपाटात आता अकरा.
जुन्यावरून बेतलेले, नव्याने काढलेले,
गुडघ्यात वाकणारे, मनगटात फिरणारे.
झीजसुद्धा आयती रंगवून मिळते:
छातीवर ओरखडे, ढालीला गंज.
पण चुकीच्या जागी.
आमच्या खवल्याचं झिजलं होतं नाक,
आणि उजवा अंगठा इनायतने चावलेला.

खवल्या हे नाव आमचं.
खोक्यावरचं इंग्रजी दोघांनाही वाचता येत नव्हतं.
अंग हिरवं, अंगावर खवले, एवढं पुरे.
इनायतचा बाप कुवेतहून आला त्या साली
बॅगेत टॉर्च, अत्तर, दूध पावडरचा डबा
आणि साबणांच्या मधे हा, आडवा.
महिनाभर त्याला साबणाचा वास.
तीन दिवस माझ्याकडे, तीन दिवस त्याच्याकडे,
उरलेला दिवस होडीत.
कमरेतलं रबर तुटलं तेव्हा
काकाने जाळ्याचा दोरा ओवून
अशी काही गाठ मारली
की तो पाय पुन्हा वाकलाच नाही.
ताठ पायाने दोन वर्षं लढला.
मग सुवर्णदुर्गाच्या खडकावरून गेला, भरतीत.
आम्ही ओहोटीपर्यंत थांबलो,
मग घरी जाऊन मार खाल्ला, आपापला.

प्रमिला कपाट पुसताना
किंमत विचारत नाही.
"सूट किती होती?" एवढंच.

यंदा इनायत आला, कायमचा.
गुडघे धरून जिना चढला.
मी खवल्या त्याच्या हातात दिला,
नवा, कोपरा दबलेल्या खोक्यातला.
त्याने वाकवला, बसवला, उभा केला,
आणि हसत सुटला, खोकला येईपर्यंत.
"अरे रोहिदास, हा तर असली!
आपला कुठला असली?
बापाने सांगितलं मला, आजारात.
रस्त्यावर गोणपाट टाकून ढीग मांडलेला,
धड एकाचं, पाय दुसऱ्याचे,
खोका तिसऱ्याच कुणाचा.
एक दिनार म्हणाला, बापाने पाऊण दिला."

पाऊण दिनार.
म्हणजे पंचवीस टक्के.

माझ्या कारखान्यात रोज साचे उतरतात खाऱ्या पाण्यात,
रोज तेवढ्याच लाद्या वर येतात.
पहिली लादी कुठली, कुणी विचारत नाही.
विचारेपर्यंत ती फुटून
कुणाच्या तरी बांगड्यावर पडलेली असते.
हे मी इनायतला सांगणार होतो,
पण तो खिडकीपाशी काहीतरी शोधत होता.
"दोरा हाय का रे घरात?"

मग आम्ही दोघं, दोन चष्मे,
एका पायावर वाकलेलो.
काकाची गाठ कुणालाच आठवेना.
पहिली सुटली.
दुसरी सैल.
तिसऱ्या गाठीला गुडघा कडक झाला
आणि तो उभा राहिला, थोडा तिरका,
जसा राहायचा.

अंगठ्याकडे इनायतने बघितलं, माझ्याकडे बघितलं.
"नको," मी म्हटलं, "दात सांभाळ."

खोका प्रमिलाने लसणीला घेतला.